भामेच्या काठावरचा बारीक तडा

परत आल्यापासून सोसायटीतला जो तो सायकलवाला मला लिफ्टपाशी गाठून एकच विचारतो, "वहिनी, ते कव्हर घ्यावं का हो?"

कव्हर म्हणजे सायकल रस्त्यात बंद पडली की फोन करायचा आणि एक गाडी येऊन तुम्हाला सायकलीसकट उचलून नेते, ते. मोटारींना असतं तसंच, पण सायकलवाल्यांसाठी. लिफ्ट येईपर्यंतच्या वेळात याचं उत्तर देणं मला जमत नाही. हो म्हटलं तरी अर्धवट, नाही म्हटलं तरी अर्धवट. म्हणून त्या तीन दिवसांत काय झालं ते सगळंच लिहिते.

आमची सायकल आठ फूट लांब आहे. दोन सीटची. पुढे मी बसते, मागे शरद. हँडल, ब्रेक, गिअर माझ्याकडे. पायांचा जोर दोघांचा. शरद माझे यजमान. घरात मी त्यांना 'अहो'च म्हणते, पण लिहिताना नाव लिहिलेलं बरं. काचबिंदूनं त्यांची नजर सात वर्षांपूर्वी पूर्ण गेली. त्याआधी एकतीस वर्षं ते चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. गाडीचा पत्रा ज्या साच्यात दाबून आकाराला येतो, तो साचा घडवायचं त्यांचं काम. नोकरी सुटल्यावर दोन वर्षं ते पिंपळे सौदागरच्या आमच्या गॅलरीत बसून राहिले. मग कुणाच्या तरी घरी पडून असलेली ही सायकल आमच्याकडे आली आणि ते पुन्हा घराबाहेर पडले.

फेब्रुवारीत शरद म्हणाले, "चाकणकडे जाऊ. आंबेठाणला बबनकडे राहू, भामा नदीचं धरण बघू आणि तळेगाववरून परत येऊ."

'बघू' हा शब्द ते बिनदिक्कत वापरतात. मलाही आता त्याचं काही वाटत नाही.

आमची मुलगी मधुरा बंगळूरला असते. तिनं फोनवरच धास्ती घेतली. "आई, त्या रस्त्याला ट्रेलर असतात! सायकल बंद पडली तर बाबांना घेऊन तू काय करणार? कव्हर घे, नाहीतर जाऊ नका."

शरद शेजारून ओरडले, "सायकल बंद पडली की माणूस ती हातात धरून चालतो. त्याला कंपनी कशाला लागते?"

"बाबा, एका हातात आठ फुटी सायकल आणि दुसऱ्या हातात तुम्ही?"

मी कव्हर घेतलं.

पिंपळे सौदागर ते आंबेठाण

उजाडताना निघालो. कासारवाडीला पूल चढताना खालून रेल्वे गेली आणि तिचा थरथराट पुलातून, चाकांतून, सीटमधून आमच्यात आला. शरद खुशीत म्हणाले, "मालगाडी आहे. भरलेली." मी खाली पाहिलं, तर खरंच मालगाडी होती.

मी या भागात अठ्ठावीस वर्षं राहते. साताऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हापासून कारखान्यांच्या कंपाउंडच्या भिंती बघत आले. भिंतीवर काचा, आत झाडं, गेटवर वॉचमन. त्यापलीकडे काय चालतं याच्याशी माझा संबंध शरदच्या डब्यापुरता. त्या सकाळी भोसरीत शिरल्यावर मागच्या सीटवरून मला भिंतींच्या आतलं ऐकायला मिळालं.

"ही टर्निंगची शॉप. ऐक, किणकिण येते ना, ती लेथवर सळई कापली जातेय. आता डावीकडे पावडर कोटिंग, वास आला? आणि हे..." ते थांबले. "जरा उभी राहा."

सायकल कडेला घेतली. ते उतरले, चप्पल काढली आणि अनवाणी पाय मातीवर ठेवून उभे राहिले. मला म्हणाले, तूही ठेव. ठेवला. आधी काही नाही. मग जमिनीच्या पोटातून एक धक्का आला. धप्प. तळव्यातून थेट गुडघ्यात. पुन्हा धप्प.

"फोर्जिंगचा हॅमर," शरद म्हणाले. "लाल लोखंडावर पडतोय. दीड-दोनशे मीटर लांब असेल."

शिफ्टला निघालेली माणसं आमच्याकडे बघत होती: पन्नाशी उलटलेले नवरा-बायको रस्त्याच्या कडेला अनवाणी उभे. मला लाज वाटायला हवी होती, पण मी आणखी चार ठोके तशीच उभी राहिले. एवढी वर्षं ज्या जमिनीवर भाजी घेत फिरले, ती अशी धडधडते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मोशीला इंद्रायणी ओलांडली, तिथून पुढे ट्रेलर सुरू झाले. मी हँडल घट्ट धरून सतत बोलत होते: खड्डा, गतिरोधक, उजवीकडून मोठी गाडी, थांबा, चला. एक गतिरोधक सांगायचा राहिला आणि शरद सीटवरून चांगलेच उडाले. "शिक्षा कशाची?" असं त्यांनी विचारल्यावर हसून हसून माझा तोल जायची वेळ आली.

कुरुळीच्या अलीकडे सगळी वाहतूकच थांबलेली. पुढे एक अजस्र लोखंडी नळकांडं रस्ताभर पसरून येत होतं. आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी आडवी केली तर त्याच्या पोटात सहज मावेल, एवढं. त्याच्याखाली चाकंच चाकं, ओळीनं. माणसाच्या चालीनं ते येत होतं आणि त्याच्या बाजूनं लाल झेंडी घेतलेला एक पन्नाशीचा माणूस चालत होता. वळणावर ते थांबलं. मी शरदला सांगायचा प्रयत्न केला, पण शब्द पुरेनात. शेवटी त्या झेंडीवाल्यालाच विचारलं, "भाऊ, यांना दिसत नाही. जरा हात लावू द्याल का?"

त्यानं शरदकडे पाहिलं. मग स्वतःच त्यांचा हात धरून चाकापाशी नेला. "ये पकडो साहब. छप्पन हैं."

शरद एकेका टायरला हात लावत, मोजत, पुढे गेले. शेवटच्या चाकाशी त्यांनी वर हात करून त्या नळकांड्याच्या पोटाला तळवा टेकवला. "कब से चल रहे हो?"

"इक्कीस दिन."

एकवीस दिवस चालत! शरदनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते पुढे गेलं तेव्हा मला जाणवलं, की मघापासून एकाही गाडीनं हॉर्न वाजवला नव्हता.

दुपारी आंबेठाणला पोचलो. बबनराव हे शरदचे टूलरूममधले जोडीदार. मूळचे इथले शेतकरी. कंपनीतून निवृत्त झाले तरी कांद्याची वाफी सुटलेली नाहीत. त्यांच्या मंडळी पार्वतीबाई अंगणातच उभ्या होत्या. सायकलभोवती त्या एक फेरी मारून आल्या.

"वैनी, एवढ्या ट्रेलरमधनं ह्यास्नी मागं बसवून आणलंसा?"

"बसवून नाही हो, तेही पायडल मारतात."

"व्हय?" त्या शरदकडे वळल्या. "का नुसतं पाय फिरवत्यात?"

रात्रीच्या जेवणाला मासवडी होती. बेसनाच्या लाटीत खसखस, खोबरं, तीळ, लसूण यांचं सारण भरून वळकटी करतात, तिच्या वड्या कापतात, आणि वर झणझणीत काळा रस्सा. शरद धाराशिवकडचे. त्यांच्याकडे पाटवड्या करतात, पण त्यांच्या पोटात सारण नसतं. शरदनं पहिली वडी बोटांनी चाचपली. कडेपासून मध्यापर्यंत सारणाचे वेढे मोजले आणि म्हणाले, "पार्वतीवहिनी, सगळे वेढे एका जाडीचे. टूलरूमला यायला हवं होतं तुम्ही."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. बबनराव म्हणाले, "आन् मंग आमी जेवाय कुटं गेलो असतो?"

भामेचं पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी करंजविहिऱ्यावरून धरणाकडे निघालो. कारखान्यांचे पत्रे मागे पडले. वाटेत कांद्याची हिरवी वाफी, मध्येच ज्वारीचा तुकडा, मग चढ. चढाला आम्ही दोघंही गप्प असतो. श्वासाचा ताल एक झाला की सायकल हलकी होते.

शेवटच्या वळणावर पाणी दिसलं आणि माझे पाय आपोआप थांबले. इतकं पाणी मी अपेक्षिलंच नव्हतं. डोंगरांच्या पायथ्यापासून पायथ्यापर्यंत, शांत, करड्या निळ्या रंगाचं. पलीकडच्या डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत गेलेल्या. काल दिवसभर लोखंड ऐकलेल्या कानांना इथली शांतता जड वाटत होती.

शरदनं विचारलं, "किती मोठं आहे?"

मी म्हटलं, "टाळी वाजवा."

त्यांनी वाजवली. काही परत आलं नाही.

"बाप रे," ते हळूच म्हणाले.

काठाकाठानं तीनेक किलोमीटर गेलो. मग शरद म्हणाले, "थांब गं. मागे काहीतरी वाजतंय."

"काही नाही. वारं आहे पाण्यावरचं."

"वारं पायाच्या तालात येत नाही. माझा उजवा पाय खाली गेला की एकदा येतंय. टिक."

मी कान दिला, पण मला ऐकू आलं नाही. तरी उतरले. चेन पाहिली, पायडल हलवून पाहिलं, चाक फिरवलं. सगळं ठीक. पुढे लांब उतार होता आणि मला तो दिसत होता: मस्त डांबरी, रिकामा, वळणावळणाचा. "चला ना," मी म्हटलं. "हळूहळू जाऊ. बबनरावांकडे गेल्यावर बघू."

शरद रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आडवी कर."

मी सायकल आडवी केली. त्यांनी मागच्या पायडलपासून सुरुवात केली. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठ्याचं नख. नळ्यांच्या प्रत्येक जोडावरून ते बोट इतकं सावकाश फिरत होतं, की मला पाहताना घाई होत होती. दहा मिनिटं गेली असतील. पुढच्या आणि मागच्या पायडलांना जोडणारी खालची लांब नळी मागे जिथे जोडलेली आहे, तिथे खालच्या अंगाला नख अडलं. पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा तिथेच अडलं.

"इथे."

मी डोकं जमिनीला लावून पाहिलं. निळा रंग. बाकी काही नाही. "अहो, काहीच नाही तिथे."

"तडा आहे. नळीला अर्धा वेढा घालून गेलाय."

मी फोन काढला. आता कव्हर कामाला येणार होतं! दोन वेळा आवाज तुटला. तिसऱ्या वेळी एका मुलीनं फोन घेतला. अगदी नम्र होती. सभासद क्रमांक, ठिकाण, जवळची खूण विचारून झाल्यावर म्हणाली, "मॅम, सायकल चालतेय की बंद आहे?"

"चालतेय. पण तिला तडा गेलाय."

"चालत असेल तर ब्रेकडाउन धरता येत नाही, मॅम."

"अहो, पण उतारावर मोडेल ना ती!"

"मोडली की लगेच फोन करा, मॅम."

ती हे कुचकटपणे म्हणत नव्हती. तिच्यासमोरच्या पडद्यावर तसंच लिहिलेलं असणार. पण माझा पारा चढला. शरदनं हात पुढे केला, तशी मी फोन दिला.

"ताई," ते म्हणाले, "मला दिसत नाही. मी मागे बसतो, पुढे बायको चालवते. आता समोर उतार आहे. नळी तिथे तुटली तर फोन करायच्या अवस्थेत आम्ही असू की नाही, ते तुम्ही सांगा."

पलीकडून ती म्हणाली, "सर, तड्याचा फोटो पाठवता येईल? मी वरिष्ठांना दाखवते."

फोटो कशाचा पाठवणार? मला तो डोळ्यांनीही दिसत नव्हता. तसं मी म्हटलं, तर शरद म्हणाले, "चेनचं तेल आहे ना? आणि तुझ्या पिशवीत पावडर?"

"अंगाला लावायची?"

"तीच."

त्यांनी सांगितलं तसं केलं. त्या जागेवर तेलाचे चार थेंब सोडले आणि पाच मिनिटं तशीच राहू दिली. मग माझ्या ओढणीनं रंग कोरडा होईपर्यंत पुसली. मग हातावर पावडर घेऊन वरून फुंकली. निळ्या नळीवर पांढरा पातळ थर बसला.

"आता थांब," शरद म्हणाले. "बघत राहा."

मी बघत राहिले. आधी काही नाही. मग पांढऱ्यावर एक करडा ठिपका उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. ठिपके जुळले, रेघ झाली, आणि ती रेघ माझ्या डोळ्यांदेखत, कुणी पेन्सिलीनं ओढावी तशी, नळीच्या अंगावरून वळत गेली. आत मुरलेलं तेल बाहेर येत होतं. शरदचं नख जिथे अडलं होतं, तिथूनच.

"अर्ध्यापेक्षा जास्त आहे हो," मी म्हटलं. त्या उतारावरून मी यांना नेणार होते. हळूहळू का होईना, नेणारच होते.

फोटो गेला. दहा मिनिटांनी त्याच मुलीचा फोन आला. "मॅम, गाडी निघतेय. भोसरीहून येईल, दीड तास तरी लागेल. सायकल चालवू नका." आणि मग जरा थांबून, पडद्यावर नसलेलं एक वाक्य: "सरांना सावलीत बसवा."

आंब्याखाली बसलो. पार्वतीबाईंनी बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा खाल्ला. शरदनं विचारलं, तसं मी त्यांना पाणी वाचून दाखवलं: आता ढगाची सावली मधोमध आहे, आता एक बगळा उडाला, आता पलीकडचा काठ चकाकतोय. ते मध्येच म्हणाले, "तू चिडलीस का माझ्यावर? उतार हुकला म्हणून?"

मी त्यांचा तो हात हातात घेतला. नख तेलानं काळं झालं होतं. ते मी ओढणीच्या टोकानं पुसत राहिले.

गाडी आली ती दोन तासांनी. चालक नारायणराव, चिपळूणकडचे, शांत गृहस्थ. सायकल पाहून म्हणाले, "लांब आहे म्हणून सांगितलेनी, पण एवढी म्हणजे कमालच झाली." तरी त्यांनी मागच्या निम्म्या सीटा पाडून, पुढचं चाक काढून, जुनी चादर घालून ती तिरकी बसवली. मग नियम सांगितला: जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात सोडीन, नाहीतर घरी. दोहोंपैकी एक.

"सायकलच्या दुकानात याचं काही होणार नाही," शरद म्हणाले. "पातळ नळी न जाळता जोडणारा चांगला आर्गन वेल्डर पाहिजे."

नारायणरावांनी आरशातून आम्हा दोघांकडे पाहिलं. "दुरुस्तीचं दुकान, एवढंच लिहिलेलं आहे. कसली दुरुस्ती ते लिहिलेलं नाही." आणि गाडी महाळुंग्याकडे वळवली.

महाळुंगे

पत्र्याच्या शेडमधलं छोटं वर्कशॉप होतं, मोठ्या कंपन्यांसाठी पाइपांची कामं करणारं. नारायणरावांच्या ओळखीचं. मालक म्हणाले, "हे नाजूक काम कल्पनाच करील," आणि आत हाक मारली.

तिशीतली बाई बाहेर आली. सुती ओढणी डोक्याला गच्च बांधलेली, हातात चामड्याचे मोजे. तिनं पावडरीवरची रेघ पाहिली आणि विचारलं, "हे कुणी काढलं?"

"तडा यांनी शोधला," मी म्हटलं. "हातानं."

तिनं शरदकडे पाहिलं. मग उकिडवी बसून स्वतःचं बोट त्या जागेवरून फिरवलं आणि मान हलवली. "मला तर लागंना हाताला."

तिच्या बोलण्यावर शरदचे कान टवकारले. "कुठल्या तुम्ही?"

"कळंबच्या हाव आम्ही, काका."

"अगं, मी येरमाळ्याचा!" आणि पुढची पाच मिनिटं शरद ज्या बोलीत बोलले, ती मी त्यांच्या आई गेल्यापासून ऐकली नव्हती.

मग काम सुरू झालं. पायडलचा भाग उतरवला, रंग खरवडला. खाली उघडं लोखंड चमकलं आणि तडा आता सगळ्यांना दिसला. तड्याच्या दोन्ही टोकांना कल्पनानं सुईएवढं भोक पाडलं. "यानं तो पुढं सरकत न्हाई, काकू," तिनं मला सांगितलं. भोकांच्या मधलं लोखंड घासून खाच केली. वरून चढवायला तळहाताएवढी पट्टी कापून नळीच्या गोलाईला वाकवली. शेडमधली बाकीची मशीन एकेक करून थांबली; सगळे भोवती जमले. तिनं चेहऱ्यावर काळी काच ओढली आणि आम्हाला म्हणाली, "तिकडं बघा."

मी पाठ फिरवली. समोरच्या पत्र्यावर निळा-पांढरा प्रकाश नाचत होता आणि त्यात आमच्या सगळ्यांच्या सावल्या हलत होत्या. फक्त शरद तोंड फिरवून उभे नव्हते. त्यांना गरजच नव्हती. त्या लखलखाटाकडे सरळ तोंड करून, मान किंचित तिरकी करून, ते आवाज ऐकत होते. तो आवाज गरम तव्यावर पाण्याचा थेंब नाचावा तसा, पण एकसारखा, न तुटणारा होता.

"छान," ते स्वतःशीच म्हणाले. "थांबू नकोस, पोरी."

प्रकाश विझला. कल्पनानं काच वर केली. कपाळावर घामाचे ओघळ होते. "काका, हात नका लावू, गरम हाय."

पुरा अर्धा तास गेला. शरद शेजारी स्टुलावर बसून होते. मग तिनंच त्यांचं बोट धरून जोडावर ठेवलं. तो जोड मीही पाहिला: माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक, सगळे सारखे. शरदचं बोट एका टोकाकडून निघालं. सात वर्षांत त्यांनी ताज्या कामावर हात ठेवला नव्हता. शेडमध्ये कुणी हलत नव्हतं.

"सुरुवातीला हात घाबरलाय," ते म्हणाले. "तिसऱ्या खवल्यापासून निवांत. मग शेवटपर्यंत कुठंही दम घेतला नाही."

कल्पना हसली, पण तिचे डोळे भरले होते. "खरंय काका. सगळे बघत होते ना."

"मला शिकायला तीन वर्षं लागली असती असं करायला," शरद म्हणाले. त्यांनी हात जोडले आणि ती जिथे उभी असेल असं वाटलं तिकडे नमस्कार केला. नमस्कार थोडा बाजूला गेला. कल्पना एक पाऊल सरकून त्याच्या समोर आली.

संध्याकाळी त्याच सायकलवरून आंबेठाणला गेलो. सगळं ऐकून बबनराव जरा रुसले. "मला फोन करायचा. ट्रॅक्टर घिऊन आलो असतो की. माणसं हायेत का न्हाईत आमी?"

परतीचा उतार

बबनरावांचं बोलणं मनाला लागून राहिलं, म्हणून जे सायकलवाले विचारतात त्यांना आधी हेच सांगते. तुमची सायकल खांद्यावर उचलता येत असेल, तुमच्या रस्त्यावर टेम्पो-रिक्षा असतील, वाटेत एखादा बबनराव असेल, तर कव्हर नाही घेतलं तरी चालेल. घेतलंच, तर आधी दोन गोष्टी विचारून ठेवा: चालती पण धोक्याची सायकल ते बंद धरतात का, आणि नेऊन नेमकी कुठे सोडतात. आम्हाला त्या फोनवरच्या मुलीनं आणि नारायणरावांनी तारलं. नुसत्या नियमांवर असतं, तर आम्ही अजून त्या आंब्याखाली बसलेलो असतो.

पण त्या काठावर मी स्वतःला ओळखलं, तेही सांगायला हवं. 'हळूहळू जाऊ' हे मी म्हटलं होतं. मदतीला कुणीच येणार नाही असं वाटतं तेव्हा माणूस टिक ऐकत नाही. त्याला ते ऐकायचंच नसतं. आणि बबनरावांना मी फोन केला असता का? न दिसणाऱ्या तड्यासाठी त्यांना कामातून उठवलं असतं का? हे मला अजून ठरवता येत नाही. कव्हरवाल्यांना फोन करताना संकोच वाटला नाही, एवढं खरं. त्या दिवशी कव्हरनं आम्हाला गाडी दिली, पण त्याआधी थांबायची मुभा दिली. मी पुढच्या वर्षीही ते घेणार आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवलाख उंबऱ्याच्या वाटेला लागलो. मधली टेकडी चढून वर आलो, तर खाली सगळं पसरलेलं: धुक्यात तळेगावकडचे डोंगर, शेतांचे तुकडे, मध्ये कारखान्यांची निळी छपरं, आणि ऊन नुकतं एकेका छपरावर चढत होतं. मी ते सगळं शरदला सांगितलं. मग उतार सुरू झाला. लांब, सरळ, रिकामा.

मी दोन्ही ब्रेक धरून उतरू लागले. उताराला मी नेहमी तशीच उतरते. मागे शरद आहेत हे बोटांना माहीत असतं.

"ब्रेक सोड ना," मागून आवाज आला.

"भीती नाही वाटत?"

"कशाची?" शरद म्हणाले. "वेल्ड बघितलाय मी."

मी बोटं उघडली.